ऑलिम्पिक मॅरेथॉनमधील पहिले भारतीय पाऊल : बेळगावचे फडेप्पा चौगुले

बेल्जियममधील अँटवर्प शहरात २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या ऑलिम्पिक मॅरेथॉन शर्यतीत बेळगावचे धावपटू फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद अशी वेळ नोंदवून एकोणिसावे स्थान मिळवले. ऑलिम्पिक मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. पदकतालिकेत या कामगिरीला जागा नव्हती. मात्र पुढील ५६ वर्षांत एकाही भारतीय धावपटूला ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये याहून वरचा क्रमांक गाठता आला नाही. आजपर्यंतचा हिशेब मांडला तरी चौगुले यांच्या पुढे केवळ एकच भारतीय नाव आहे, ते १९७६ साली अकरावे आलेल्या शिवनाथ सिंग यांचे.

भारतीय क्रीडा इतिहासात हॉकीची सुवर्णपदके, खाशाबा जाधव यांचे कांस्यपदक आणि मिल्खा सिंग यांची हुकलेली संधी यांचे स्मरण वारंवार केले जाते. या सर्वांच्या आधी, देशात ऑलिम्पिक संघटनाही अस्तित्वात नसताना, दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकच्या सीमेवरील एका तरुणाने जगातील सर्वांत कठीण शर्यत अखेरपर्यंत धावून पूर्ण केली. चौगुले यांची जीवनकथा ही भारताच्या ऑलिम्पिक वाटचालीच्या आरंभाचीही कथा आहे.

बेळगावची पार्श्वभूमी

चौगुले यांचे बेळगाव त्या काळी मुंबई इलाख्यात होते. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. फडेप्पा दरेप्पा हे कानडी वळणाचे नाव आणि चौगुले हे मराठी मुलखात सर्वत्र आढळणारे आडनाव, यांतच या प्रदेशाची ओळख सामावलेली आहे. गावगाड्याच्या जुन्या व्यवस्थेत पाटलाच्या मदतनिसाला चौगुला म्हणत असत आणि त्यावरूनच हे आडनाव रूढ झाले.

बेळगावात लष्करी छावणी होती, तालमींची परंपरा होती आणि राजकीय जागृतीही होती. लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये याच शहरात झाली. महात्मा गांधी यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसचे एकमेव अधिवेशनही डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावातच भरले. या दोन घटनांच्या मधल्या काळात बेळगावचा एक धावपटू युरोपात जाऊन आला.

दूरवर धावणे ही गोष्ट या भागाला नवीन नव्हती. मराठी राज्यात जासूद आणि हरकारे पत्रे घेऊन पायी मैलोन्‌मैल जात असत. इंग्रजी अमलातही ग्रामीण भागातील टपाल अनेक ठिकाणी पायी धावणाऱ्या डाकवाल्यांच्या खांद्यावरूनच पोहोचत होते. शेतकरी, गुराखी आणि बाजारकरी यांची रोजची पायपीट काही कोसांची असे. मात्र हे सारे धावणे आणि चालणे पोटासाठी होते. घड्याळ लावून, अंतर मोजून आणि ठरावीक नियमांनुसार धावण्याची स्पर्धा ही कल्पना विसाव्या शतकाच्या प्रारंभी नुकतीच रुजू लागली होती. या कल्पनेला मराठी मुलखात बळ देणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे स्थान महत्त्वाचे होते.

डेक्कन जिमखान्याची लांब पल्ल्याची शर्यत

डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ साली झाली. देशी खेळांना शिस्त आणि नियम मिळवून देणे आणि त्याच वेळी पाश्चात्त्य मैदानी खेळांची ओळख करून देणे, असे दुहेरी कार्य या संस्थेने हाती घेतले होते. पहिल्या महायुद्धानंतर उद्योगपती सर दोराबजी टाटा हे संस्थेचे अध्यक्ष होते. जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र असलेल्या दोराबजींचे शिक्षण इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे झाले होते आणि खेळांची त्यांना विद्यार्थिदशेपासून आवड होती.

१९१९ साली जिमखान्याच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत टाटा यांनी जे पाहिले, त्याचे वर्णन त्यांनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना पाठवलेल्या पत्रात केले आहे. स्पर्धेचे आयोजन इंग्रजी पद्धतीने करण्याचा प्रयत्न होता. परंतु मैदान लहान होते, धावपट्टी म्हणजे रोलर न फिरवलेल्या खडबडीत गवताचाच एक भाग होता आणि कमी अंतराची शर्यतही वळणावरून धावावी लागत होती. स्पर्धकांपैकी बहुतेक जण शेतात राबणाऱ्या, साध्या भाजीभाकरीवर वाढलेल्या कुटुंबांतील तरुण होते. युरोपीय स्पर्धांच्या नियमांची किंवा आधुनिक प्रशिक्षणाची त्यांना माहिती नव्हती.

प्रेक्षकांचे खरे आकर्षण होते ते सुमारे २५ मैलांच्या शर्यतीचे. अनवाणी किंवा साध्या गावठी वहाणा घालून, खडीच्या कठीण रस्त्यांवरून हे धावपटू पळत असत. त्यांच्यापैकी आघाडीच्या स्पर्धकांच्या वेळा पाहून टाटा थक्क झाले. या वेळांची तुलना युरोपातील नामवंत धावपटूंच्या वेळांशी होऊ शकते, असे त्यांचे मत झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीही भारताच्या ऑलिम्पिक सहभागाच्या कल्पनेला पाठिंबा दिला.

यातील तीन उत्तम धावपटूंना आपण अँटवर्प ऑलिम्पिकसाठी पाठवू, असा प्रस्ताव टाटा यांनी मांडला. चांगला आहार आणि अनुभवी प्रशिक्षक मिळाल्यास हे तरुण देशाचे नाव राखतील, असा त्यांना विश्वास होता. तीन धावपटूंच्या या प्रस्तावातूनच पूर्ण संघ पाठवण्याची कल्पना पुढे आली. भारताचा संघटित ऑलिम्पिक सहभाग अशा रीतीने पुण्यातील एका लांब पल्ल्याच्या शर्यतीतून सुरू झाला.

त्यापूर्वी १९०० साली पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळवली होती. परंतु तो वैयक्तिक सहभाग होता. भारतातून निवड करून, खर्चाची तरतूद करून आणि व्यवस्थापक सोबत देऊन पाठवलेला पहिला संघ म्हणून १९२० च्या संघाकडेच पाहिले जाते.

सहा जणांचा संघ

एप्रिल १९२० मध्ये पुण्यात निवड चाचणी स्पर्धा झाल्या आणि त्यानंतर चार धावपटू व दोन मल्ल यांची निवड करण्यात आली. बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे दातार, हुबळीचे कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धावपटू होते. मल्लांमध्ये नवले आणि कोल्हापूरचे शिंदे यांचा समावेश होता. सोहराब भूत आणि ए. एच. ए. फैझी हे संघाचे व्यवस्थापक होते.

संघाची रचना पाहिली असता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. बॅनर्जी वगळता उर्वरित खेळाडू मुंबई इलाखा आणि लगतच्या दक्षिणी संस्थानांच्या पट्ट्यातील होते. सातारा, कोल्हापूर, बेळगाव आणि हुबळी ही ठिकाणे पुण्यावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या एकाच मार्गावर आहेत. भारताच्या पहिल्या ऑलिम्पिक संघाचा कणा या एका मार्गावरील गावांनी पुरवला होता.

खर्चाचा प्रश्न मोठा होता. सरकारने काही वाटा उचलला, लोकवर्गणी गोळा करण्यात आली आणि उरलेला भार टाटा यांनी स्वतःच्या खिशातून सोसला. संघ बोटीने युरोपकडे रवाना झाला आणि इंग्लंडमध्ये काही आठवडे सराव करून अँटवर्पला पोहोचला. वेगळे अन्न, वेगळी हवा, वेगळी भाषा आणि वेगळ्या प्रकारची मैदाने यांच्याशी या खेळाडूंना थोड्या अवधीत जुळवून घ्यावे लागले.

या काळात मायदेशी मोठ्या घडामोडी होत होत्या. जालियनवाला बागेतील हत्याकांडाला एक वर्ष लोटले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्याच दिवशी असहकार आंदोलनाला प्रारंभ झाला. ज्या बेळगावात टिळकांनी होमरूलची हाक दिली, तेथील चौगुले टिळकांच्या निधनानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी अँटवर्पच्या रस्त्यांवर धावले. त्यांचा संघ ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानचा संघ होता. स्वतःचा राष्ट्रध्वज त्यांच्याजवळ नव्हता. उद्घाटनाच्या संचलनात बॅनर्जी हे संघाचे ध्वजवाहक होते.

युद्धातून सावरणारे अँटवर्प

१९१६ सालचे ऑलिम्पिक महायुद्धामुळे रद्द झाले होते. युद्धात होरपळलेल्या बेल्जियमचा सन्मान म्हणून १९२० च्या स्पर्धेचे यजमानपद अँटवर्पकडे सोपवण्यात आले. तयारीसाठी जेमतेम सव्वा वर्ष मिळाले. १४ ऑगस्ट रोजी उद्घाटन सोहळा पार पडला. पाच वर्तुळांचा ऑलिम्पिक ध्वज याच स्पर्धेत प्रथम फडकला आणि खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याची प्रथाही येथूनच सुरू झाली. युद्धात पराभूत झालेल्या जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांना निमंत्रण नव्हते.

सुविधा मर्यादित होत्या. पावसामुळे मुख्य मैदानावरील धावपट्टी वारंवार जड होत होती. लांब पल्ल्याच्या शर्यतींवर फिनलंडचे वर्चस्व होते. पावो नुर्मी यांचे ऑलिम्पिक पदार्पण याच स्पर्धेत झाले आणि त्यांनी १०,००० मीटर शर्यत जिंकली. चौगुले यांनीही १०,००० मीटर शर्यतीत भाग घेतला होता. तथापि, त्यात त्यांना प्राथमिक फेरीच्या पुढे जाता आले नाही. मैदानावरील फेऱ्यांची शर्यत आणि रस्त्यावरील शर्यत यांचे तंत्र वेगळे असते. पहिलीत प्रतिस्पर्ध्यांच्या वेगबदलाला तत्काळ उत्तर द्यावे लागते, तर दुसरीत स्वतःची गती तासन्‌तास राखावी लागते. खडीच्या रस्त्यावर तयार झालेल्या चौगुले यांची खरी परीक्षा काही दिवसांनी होणाऱ्या मॅरेथॉनमध्ये होती.

इतिहासातील सर्वांत लांब ऑलिम्पिक मॅरेथॉन

मॅरेथॉनचे अंतर त्या काळी निश्चित नव्हते. १८९६ साली अथेन्स येथे ते सुमारे ४० किलोमीटर होते. १९०८ साली लंडन येथे ते ४२.१९५ किलोमीटर झाले, तर १९१२ साली स्टॉकहोम येथे पुन्हा ४०.२ किलोमीटरवर आले. अँटवर्पच्या आयोजकांनी आखलेला मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक महासंघाने १९२१ साली ४२.१९५ किलोमीटर हे प्रमाण अंतर स्वीकारले. त्यामुळे अँटवर्पची शर्यत ही ऑलिम्पिक इतिहासातील सर्वांत लांब मॅरेथॉन म्हणून कायम राहिली. आजच्या धावपटूला जितके धावावे लागते, त्याहून अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर चौगुले धावले.

शर्यत सोपी मानली जात नव्हती. १९१२ च्या स्टॉकहोम मॅरेथॉनमध्ये कडक उन्हामुळे जवळपास निम्म्या स्पर्धकांनी माघार घेतली होती आणि पोर्तुगालचे फ्रान्सिस्को लाझारो यांचा शर्यतीत कोसळल्यानंतर मृत्यू झाला होता. शरीरातील साखरेचा साठा तीस किलोमीटरच्या आसपास संपू लागतो आणि त्यानंतर पायांत गोळे येतात, गती मंदावते, भान हरपू लागते, हे आज सर्वसामान्य धावपटूंनाही ठाऊक आहे. १९२० साली त्यामागील शरीरशास्त्र स्पष्ट झालेले नव्हते. धावताना किती पाणी प्यावे, काय खावे आणि सराव किती करावा याबाबत अनुभव हाच एक मार्गदर्शक होता.

अँटवर्पची शर्यत थंड आणि पावसाळी हवेत झाली. प्रारंभरेषेवर १८ देशांचे ४८ धावपटू उभे होते. दक्षिण आफ्रिकेचे क्रिस्टियन गिट्शॅम आणि फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी पुढाकार घेतला. गिट्शॅम यांना पुढे शर्यत सोडावी लागली. स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवणारे कोलेहमाइनेन अखेरपर्यंत पुढे राहिले आणि त्यांनी २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत विजय मिळवला. एस्टोनियाचे यूरी लॉसमन अवघ्या १२.८ सेकंदांनी मागे राहून दुसरे आले. इटलीचे व्हालेरिओ आरी यांनी तिसरे स्थान मिळवले.

चौगुले विजेत्यांपेक्षा १८ मिनिटे ९.६ सेकंदांनी मागे होते. त्यांच्या पुढे धावलेल्यांमध्ये जपानी मॅरेथॉनचे जनक मानले जाणारे शिझो कानाकुरी होते. कानाकुरी १६ वे आले आणि त्यांच्यात व चौगुले यांच्यात सुमारे दोन मिनिटांचे अंतर राहिले. जपानचेच झेनसाकु मोतेगी हे चौगुले यांच्या लगेच मागे २० व्या स्थानावर होते. जपानने लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी पद्धतशीर तयारी सुरू केली होती आणि कानाकुरी यांच्या पाठीशी एका ऑलिम्पिकचा अनुभव होता. त्या तुलनेत भारतीय संघाची निवड शर्यतीच्या चार महिने आधी झालेली होती. तरीही आशियाई धावपटूंच्या या चढाओढीत चौगुले बरोबरीने उतरले.

साताऱ्याच्या दातार यांनाही याच शर्यतीत संधी मिळाली होती, परंतु ते ती पूर्ण करू शकले नाहीत. ४८ पैकी १३ धावपटूंनी शर्यत अर्धवट सोडली. ज्या ३५ जणांनी ती पूर्ण केली, त्यांत चौगुले मध्याच्या जवळ होते.

एकोणिसाव्या क्रमांकाचा अर्थ

चौगुले यांच्या वेळेचा हिशेब केला असता त्यांनी प्रत्येक किलोमीटरसाठी सरासरी चार मिनिटांहून किंचित कमी वेळ घेतल्याचे दिसते. आजच्या ४२.१९५ किलोमीटर अंतराला हीच गती लावली तर वेळ सुमारे २ तास ४८ मिनिटे ३० सेकंद येते. आधुनिक बूट, मोजून दिलेली पेये, हृदयगती दाखवणारी घड्याळे आणि महिनोन्‌महिन्यांचे नियोजन हाताशी असताना आजही हौशी धावपटूंपैकी फार थोड्यांना तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करता येते. चौगुले यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, परक्या देशात, अधिक लांब मार्गावर ही मर्यादा नऊ मिनिटांहून अधिक फरकाने ओलांडली होती.

या कामगिरीचे मोल पुढील ऑलिम्पिकमधील निकालांवरून अधिक स्पष्ट होते. १९२४ साली पॅरिस येथे महादेव सिंग यांनी ३ तास ३७ मिनिटे ३६ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून २९ वा क्रमांक मिळवला. १९३६ साली बर्लिन येथे स्वामी ३७ वे आले. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत दिल्ली येथे छोटा सिंग यांनी मॅरेथॉनचे सुवर्णपदक पटकावले, तर सुरत सिंग माथूर यांना कांस्यपदक मिळाले. माथूर यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताकडून मॅरेथॉन पूर्ण केली आणि ते ५२ वे आले. १९६४ साली टोकियो येथे बाळकृष्ण अकोटकर यांनी ३३ वे स्थान मिळवले.

काळाबरोबर धावपटूंच्या वेळा सुधारत गेल्या होत्या. अकोटकर यांची वेळ चौगुले यांच्या वेळेपेक्षा खूपच सरस होती. मात्र जगाचा वेग त्याहून अधिक वाढला होता. प्रत्येक पिढीला आपल्या काळातील उत्तम धावपटूंशी स्पर्धा करावी लागते आणि त्या मोजमापाने पाहिले तर १९२० चा एकोणिसावा क्रमांक दीर्घकाळ अढळ राहिला. १९७६ साली माँट्रियल येथे शिवनाथ सिंग यांनी २ तास १६ मिनिटे २२ सेकंदांत अकरावे स्थान मिळवले, तेव्हा तो मागे पडला. शिवनाथ सिंग यांनीच १९७८ साली जालंधर येथे नोंदवलेला दोन तास बारा मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये टी. गोपी २५ वे आणि खेता राम २६ वे आले. तेव्हाही चौगुले यांचे दुसरे स्थान कायम राहिले.

शर्यतीनंतरचे फलित

अँटवर्पमध्ये भारताला पदक मिळाले नाही. कोल्हापूरचे मल्ल शिंदे फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचून चौथे राहिले. संघ रिकाम्या हातांनी परतला, असे वरवर पाहता म्हणता येईल. प्रत्यक्षात या दौऱ्याने दोन गोष्टी सिद्ध केल्या होत्या. ग्रामीण भागातील भारतीय धावपटू आणि मल्ल जगातील स्पर्धकांसमोर टिकाव धरू शकतात, ही पहिली गोष्ट. त्यांना नियमित प्रशिक्षण, मैदाने आणि स्पर्धा यांची गरज आहे, ही दुसरी.

दोराबजी टाटा १९२० साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होते. वाय. एम. सी. ए. चे डॉ. नोहरेन यांच्या सहकार्याने प्रांतोप्रांती क्रीडा संघटना उभारण्याचे काम सुरू झाले. १९२४ च्या प्रारंभी दिल्ली येथे अखिल भारतीय स्पर्धा भरवण्यात आल्या आणि त्यातून पॅरिस ऑलिम्पिकसाठी संघ निवडला गेला. १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली. टाटा तिचे पहिले अध्यक्ष आणि नोहरेन सचिव झाले. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅम येथे भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. दोराबजी टाटा यांचे १९३२ साली जर्मनीत निधन झाले. तोपर्यंत पुण्याच्या खडबडीत मैदानावर सुचलेली कल्पना देशव्यापी संस्थेत रूपांतरित झाली होती.

या साखळीतील पहिली कडी चौगुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांची होती. अँटवर्पमध्ये एकाही भारतीय धावपटूने मॅरेथॉन पूर्ण केली नसती, तर टाटा यांच्या प्रयोगाकडे हौशी धनिकाचा छंद म्हणून पाहिले गेले असते. चौगुले यांच्या नावापुढे नोंदलेल्या वेळेने या प्रयोगाला आधार मिळाला.

दोन राज्यांचा वारसा

१९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. आज हे शहर कर्नाटकात बेळगावी या नावाने ओळखले जाते. सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंच्या भावना तीव्र आहेत. परंतु चौगुले यांच्या वारशाला ही सीमा लागू होत नाही. कर्नाटकच्या पहिल्या ऑलिम्पिकपटूंमध्ये त्यांचे नाव घेतले जाते. पुण्याच्या निवड चाचणीतून पुढे आलेले धावपटू म्हणून महाराष्ट्राच्या क्रीडा इतिहासातही त्यांना स्थान आहे.

ज्या मुलखातून चौगुले आणि दातार निघाले, तेथे लांब पल्ल्याच्या धावण्याची परंपरा खंडित झालेली नाही. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन भरू लागली. मुंबई मॅरेथॉनचा प्रारंभ २००४ साली झाला आणि कालांतराने तिच्या नावाला टाटा हे नाव जोडले गेले. नाशिकच्या आदिवासी भागातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच प्रकाराची अंतिम फेरी गाठली आणि ते अकरावे आले.

या तिघांच्या जीवनात आणि चौगुले यांच्या काळात शंभर वर्षांचे अंतर आहे. तरीही साम्य नजरेत भरते. हे खेळाडू दुष्काळी, डोंगराळ किंवा ग्रामीण भागातून आले. धावणे त्यांच्या दैनंदिन जीवनातून खेळात आले. फरक आहे तो पाठबळाचा. साबळे यांच्या पिढीला लष्कराची नोकरी, राष्ट्रीय शिबिरे आणि परदेशी प्रशिक्षण यांचा लाभ मिळाला. चौगुले यांच्या वाट्याला आले ते एका संस्थेचे प्रोत्साहन, एका दात्याचे औदार्य आणि काही आठवड्यांचा सराव.

ऑलिम्पिकच्या निकालपत्रात पहिल्या तीन नावांनंतर सहसा कोणाची दृष्टी खाली उतरत नाही. १९२० च्या मॅरेथॉनच्या निकालपत्रात मात्र एकोणिसाव्या ओळीपर्यंत जाणे आवश्यक आहे. तेथे भारताचे नाव प्रथमच लिहिले गेले आणि ते बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी पावणेतीन तासांहून अधिक काळ अखंड धावून लिहिले. भारतीय मॅरेथॉनचा इतिहास त्या ओळीपासून सुरू होतो.